सतरावा फुगा

किनारा वरून खाली वाचायचा, बाप म्हणायचा.

सगळ्यात वर राखाडी दगडफूल,
नखानं खरवडलं तर जुन्या कागदासारखं करकरतं.
खाली नारिंगी पट्टा,
कुणी अंड्याचा बलक सांडून पुसायला विसरलंय.
त्याखाली काळं.
पाहुणे विचारतात, बोटीचं तेल सांडलं का?
नाही. तेही दगडफूलच, तेही जिवंत,
खारट तुषार उडतात तिथवर त्याची हद्द.

मग शेवाळं.
आधी ते पन्हळीचं, टीचभर,
आठवडा पाण्यावाचून काढतं, काळं पडतं,
उधाणाचे दोन घोट मिळाले की परत लवचिक.
बाप त्याला 'उपाशी' म्हणायचा, जरा आदरानं.
मग पीळ दिलेलं.
मग आमचं.

आमचं म्हणजे फुग्यांचं.
किलकीरनच्या खाडीत लाटा पोचत नाहीत,
बेटं त्यांना बाहेरच उभं करतात,
म्हणून ते माणसाहून लांब वाढतं
आणि ओहोटीला कातळावर निजून राहतं.
चुना मारलेल्या दगडापासून काळ्या खाचेपर्यंत
ते कापायचा हक्क आमच्या घराचा.
विळा तिरका धरायचा. बुंध्याशी वीतभर ठेवायचं.
मग चार वर्षं त्या खडकाकडे फिरकायचं नाही.

उन्हाळ्यात गॉलवेहून लासरीना आली,
तारेची चौकट घेऊन.
कातळावर ठेवायची, आतलं सगळं मोजायची:
लिम्पेट अकरा, मिटलेली लाल समुद्रफुलं तीन,
बार्नॅकल...
इथे पेन्सिल चावत बसायची.
ती म्हणाली, फुगा म्हणजे वर्ष.
पहिला यायला दोन-तीन वर्षं, मग दर वर्षी एक.

तीस वर्षं कापतेय मी, मला ठाऊक नव्हतं.
चार वर्षांनी विळा लावणाऱ्याला
पाचवा फुगा दिसणार कुठून?

बगळ्याच्या कातळामागे एक खडक आहे.
तिथं बाप कुणाला कापू द्यायचा नाही.
घसरडं आहे, म्हणायचा.
घसरडं तर सगळंच आहे.

बाप वसंतात गेला. काल मोठी सुकती होती,
मी तिथं उतरले.
एक दोरी उचलली, हातभर, दोन हात, अजून येतच होती.
अंगठ्यानं मोजत गेले.
सातव्यापाशी तांबडा झुपका चिकटलेला,
दहाव्याखाली हिरवा खेकडा, त्यानं नांग्या दाखवल्या, मी थांबले नाही.
सोळापर्यंत आले.
सतरावा चालू लागला.

पिवळी गोगलगाय.
फुग्याचा रंग, फुग्याचा घाट,
खाणाऱ्याला चकवायला शिकलेली. मी खाणार नव्हते, तरी चकले.
आता आधीचे तरी किती खरे?
पुन्हा मोजले: चौदा. पुन्हा: पंधरा.

मक्दारा बॉस्टनला गेला त्याला अठरा वर्षं.
कशावरून भांडण झालं ते दोघांनाच माहीत.
त्यानंतर बापानं त्याचं नाव घेतलं नाही.
मयताला फुलं आली, तो आला नाही.

मग मी दोऱ्या बाजूला सारत बुंधे शोधले.
जुना काप ओळखू येतो, टोक बोथट, काळं, तरी सरळ.
वीत लावून पाहिली.
बापाची आणि माझी वीत सारखी.
इथे वर दोन बोटं उरली.
आमच्या घरात एवढा हात एकाचाच.

पाणी चढायला लागलं होतं.
लिम्पेट आपापल्या खळीकडे सरकत होते.
गोगलगाय अजून माझ्या मुठीत,
कुठल्या दोरीवरची ते आठवेना,
अंदाजानं पंधराव्याखाली ठेवली.

लॉरी गुरुवारी येते.
तो ड्रायव्हर नवा आहे, बगळ्याच्या कातळाकडे बोट दाखवून विचारेल,
तिकडचं का सोडलंत? अर्धा टन तरी निघेल.

घसरडं आहे तिथं, म्हणेन.